टेक्सासचं भिजत घोंगडं : १८३६ ते १८४५

'खालसा' हा शब्द आपण शाळेत शिकतो तेव्हा त्याच्यासोबत एक चित्र मनात पक्कं बसतं. मोठी सत्ता दारात येते, धाकट्या राज्याला कुणी काही विचारत नाही, एक हुकूम निघतो आणि गादी संपते. १८४८ साली साताऱ्याचं राज्य असंच गेलं. त्यामुळे शेजारचा मुलूख ताब्यात घेण्यात अडथळा म्हटला की तो गिळल्या जाणाऱ्याच्या बाजूने येणार, असं आपण धरून चालतो.

टेक्सासच्या प्रकरणात याच्या अगदी उलट घडलं. मेक्सिकोपासून नुकताच सुटलेला हा देश १८३६ पासून अमेरिकेला म्हणत होता, आम्हाला तुमच्यात घ्या. मतदान घेऊन, लेखी प्रस्ताव पाठवून म्हणत होता. तिकडची माणसं अमेरिकेतूनच गेलेली, भाषा एक, कायद्याची पद्धत एक. अमेरिकेला जमिनीची भूकही कमी नव्हती. तरीही दार उघडायला नऊ वर्षं लागली. हे घोडं नेमकं कुठे अडलं आणि शेवटी कोणत्या वाटेने पुढे काढलं गेलं, ते मला इथे बारकाईने मांडायचं आहे. कारण मेक्सिकोचं सैन्य हा या गोष्टीतला मुख्य अडथळा नव्हता. मुख्य अडथळा अमेरिकेच्या स्वतःच्या घरात होता.

मुलूख कसा सुटला

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला तेव्हा उत्तरेकडचा टेक्सास जवळजवळ ओसाड होता. वस्ती वाढावी म्हणून मेक्सिकोने अमेरिकी कुटुंबांना जमिनी द्यायला सुरुवात केली. स्टीफन ऑस्टिनसारखे ठेकेदार माणसं आणायचे आणि गुरं पाळणाऱ्या एका कुटुंबाला सव्वाचार हजार एकरांहून जास्त जमीन मिळायची. येणारे बरेच जण दक्षिणेकडच्या राज्यांतले. ते कापसाचं बी आणायचे आणि कापूस वेचायला गुलामही आणायचे.

खटका तिथेच उडाला. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली. टेक्सासला त्यातून सूट मिळाली खरी, पण टांगती तलवार कायम राहिली. १८३० च्या कायद्याने तर अमेरिकेतून येणाऱ्या नव्या वस्तीवरच बंदी आली. पुढे मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आना याने प्रांतांचे अधिकार काढून घेऊन सगळी सत्ता राजधानीकडे ओढली आणि बंड पेटलं. २ मार्च १८३६ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. चार दिवसांनी अलामोचा किल्ला पडला आणि आतले लढवय्ये मारले गेले. २१ एप्रिलला सॅन जॅसिंटोला टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन याच्या फौजेने मेक्सिकन छावणीवर दुपारच्या वेळी अचानक हल्ला केला. लढाई अठरा मिनिटांत आटोपली आणि दुसऱ्या दिवशी खुद्द सांता आना हाती लागला. कैदेत त्याच्याकडून तहावर सही करून घेतली गेली, पण मेक्सिकोने तो तह कधीच मान्य केला नाही. कैद्याच्या सहीने देशाचा मुलूख जात नाही, ही त्यांची भूमिका होती आणि ती चुकीची होती असं म्हणता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात टेक्सासमध्ये निवडणूक झाली. ह्यूस्टन अध्यक्ष झाला. मतदारांना सोबत आणखी एक प्रश्न विचारला होता : अमेरिकेत सामील व्हायचं का? ३,२७७ जण हो म्हणाले, ९१ जण नाही.

या कौलाकडे बघताना मतदार कोण होते ते लक्षात ठेवावं लागतं. तेव्हाच्या अंदाजानुसार टेक्सासात साधारण तीस हजार अमेरिकी वसाहतवाले होते, पाच हजार गुलाम, साडेतीन हजारांच्या आसपास मेक्सिकन वंशाचे तेहानो आणि चौदा हजारांच्या पुढे मूळ रहिवासी जमाती. नव्या राज्यघटनेने गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार खुद्द टेक्सासच्या काँग्रेसलाही, म्हणजे तिथल्या कायदेमंडळालाही, ठेवला नाही. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला काँग्रेसच्या परवानगीशिवाय तिथे कायम राहतासुद्धा येत नव्हतं. म्हणजे अमेरिकेच्या दारात उभा असलेला पाहुणा गुलामगिरी घटनेत कोरूनच आला होता.

सिनेटची बेरीज

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा असतात, सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोन. उत्तरेची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, त्यामुळे प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून गेल्यात जमा होतं. दक्षिणेचा भरवसा सिनेटवर होता. १८२० च्या मिसुरी तडजोडीपासून एक अलिखित रीत पडली होती. गुलामगिरीचं एक राज्य आत आलं की जोडीला मुक्त राज्य एक. १८३६ मध्ये आर्कान्सा आलं, १८३७ च्या जानेवारीत मिशिगन. तेरा आणि तेरा. तराजूची दोन्ही पारडी बरोबर.

आता या तराजूत टेक्सास टाकून बघा. एक राज्य नव्हे, त्या अवाढव्य मुलखातून चार-पाच राज्यं काढता येतील अशी चर्चा उघडपणे चालू होती. म्हणजे आठ-दहा सिनेटर. उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधकांनी हे गणित अगदी लवकर ओळखलं. बेंजामिन लंडी हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पत्रकार स्वतः टेक्सासात फिरून आला होता. हे स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे गुलामांच्या मालकांनी बाजारपेठ वाढवण्यासाठी रचलेला डाव आहे, अशी मांडणी त्याने १८३६ मध्येच पुस्तिका काढून केली. त्याचं सगळंच खरं होतं असं मला वाटत नाही. बंडामागे मेक्सिकोतल्या केंद्रीकरणाचा राग होताच, आणि हुआन सेगिनसारखे तेहानो सरदारही टेक्सासच्या बाजूने लढले होते. पण नव्या घटनेतली कलमं वाचली की लंडीच्या मांडणीतला गाभा नाकारता येत नाही.

दुसरी अडचण घटनेतच होती. परक्या देशाशी तह करायचा तर सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. तेव्हाच्या २६ राज्यांच्या सिनेटमध्ये उत्तरेचे निम्मे सभासद होते, म्हणजे एकट्या दक्षिणेच्या बळावर तह मंजूर होणं शक्यच नव्हतं. तिसरी अडचण मेक्सिकोची. मेक्सिकोच्या लेखी टेक्सास अजूनही बंडखोर प्रांत होता आणि अमेरिकेचा मेक्सिकोशी मैत्रीचा तह होता. टेक्सास घ्यायचा तर युद्धही सोबत घ्यावं लागणार. यातली प्रत्येक अडचण दुसरीला बळ देत होती. युद्ध नको म्हणणाऱ्याला गुलामगिरीचं नाव घ्यावं लागत नव्हतं, आणि गुलामगिरी नको म्हणणाऱ्याला घटनेचा आधार मिळत होता.

जॅक्सन थांबतो, व्हॅन ब्यूरेन नकार देतो

तेव्हाचा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन हा ह्यूस्टनचा जुना स्नेही आणि टेक्सास घेण्याची त्याची इच्छा लपलेली नव्हती. पण १८३६ हे निवडणुकीचं वर्ष होतं आणि त्याचा वारस मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्कचा होता. टेक्सासचा विषय काढला असता तर पक्ष उत्तर-दक्षिण असा उभा चिरला असता. सामील करून घेणं दूरच, साधी मान्यतासुद्धा जॅक्सनने अडवून धरली. ती दिली ३ मार्च १८३७ ला, कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी.

ऑगस्ट १८३७ मध्ये टेक्सासचा वकील, म्हणजे राजदूत, मेम्युकन हंट याने रीतसर प्रस्ताव ठेवला. तीनच आठवड्यांत परराष्ट्रमंत्री फोरसाइथचं नकाराचं उत्तर आलं. एखाद्या स्वतंत्र देशाला आत घेण्याचा अधिकार घटना देते का, हे ठरलेलं नाही, आणि मेक्सिकोशी आपला तह आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्या वर्षीच अमेरिकेत बँका कोसळल्या होत्या. व्हॅन ब्यूरेनला आणखी एक आग नको होती.

नकार आला तरी उत्तरेतले लोक स्वस्थ बसले नाहीत. टेक्सास नको म्हणणारे अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसकडे गठ्ठ्यांनी येऊ लागले. त्यांवर सह्या करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांना राज्यकारभारात तोंड उघडायची तेवढीच एक वाट होती. गुलामगिरीविषयी आलेले अर्ज चर्चेशिवाय बाजूला टाकायचे, असा नियम प्रतिनिधिगृहाने १८३६ मध्येच करून ठेवला होता. टेक्सासच्या अर्जांनी त्या नियमालाच बगल दिली.

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा सत्तर वर्षांचे होते. कधीकाळी राष्ट्राध्यक्ष राहिलेला हा माणूस आता मॅसॅच्युसेट्सचा साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसत होता. जून १८३८ मध्ये परराष्ट्र समितीने या अर्जांवर अहवाल मांडला, तेव्हा त्यांनी समितीच्या सभासदांना सरळ विचारलं, तुम्ही हे अर्ज वाचले तरी का? उत्तर अडखळत आलं. मग अ‍ॅडम्स बोलायला उभे राहिले. सकाळच्या कामकाजाचा जो वेळ असायचा तो त्यांनी रोज घेतला, १६ जूनपासून ७ जुलैपर्यंत. त्यात ते गुलामगिरीवर बोलले, मेक्सिकोवर बोलले, आणि बायकांनी घर सोडून राजकारणात अर्ज करू नयेत असं म्हणणाऱ्या सभासदाला त्यांनी बायबलातल्या आणि इतिहासातल्या स्त्रियांची उदाहरणं देत झोडपलं. अधिवेशन संपलं तेव्हा टेक्सासचा विषय जिथल्या तिथे होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या तीन आठवड्यांचा. एका वृद्ध माणसाने केवळ बोलत राहून एक मुलूख अडवून धरला होता.

ऑक्टोबर १८३८ मध्ये टेक्सासने आपला प्रस्ताव मागे घेतला.

एकट्या टेक्सासची वर्षं

नंतरचा अध्यक्ष मिरबो लमार याला अमेरिकेत जायचंच नव्हतं. त्याला पॅसिफिकपर्यंत पसरलेलं स्वतंत्र साम्राज्य हवं होतं. फ्रान्सने १८३९ मध्ये मान्यता दिली, ब्रिटनने पुढच्या वर्षी करार केले. लंडनमध्ये सेंट जेम्स स्ट्रीटवर एका दारूच्या दुकानाच्या वर टेक्सासची वकिलात थाटली गेली. त्याच काळात, त्याच शहरात, साताऱ्याच्या पदच्युत छत्रपतींची कैफियत घेऊन रंगो बापूजी कंपनी सरकारच्या दारात खेटे घालत होते. दोन लहान राज्यांचे वकील एकाच गावात होते आणि दोघांच्या मागण्या किती वेगळ्या!

स्वतंत्र राहणं टेक्सासला झेपेना. तिजोरी रिकामी, कागदी नोटांची किंमत डॉलरमागे दोन-चार सेंटांवर घसरलेली, डोक्यावर कर्जाचा डोंगर. सांता फे काबीज करायला १८४१ मध्ये निघालेली मोहीम कैद होऊन मेक्सिकोत गेली. १८४२ मध्ये मेक्सिकन फौजांनी सॅन अँटोनियो दोनदा ताब्यात घेतलं. त्या धामधुमीत सेगिनवर फितुरीचा संशय घेतला गेला. सॅन जॅसिंटोला टेक्सासकडून लढलेला आणि सॅन अँटोनियोचा महापौर झालेला हा माणूस शेवटी जीव वाचवायला मेक्सिकोत पळून गेला.

पुन्हा अध्यक्ष झालेल्या ह्यूस्टनने मात्र एक गोष्ट हेरली. अमेरिकेच्या मागे लागून काही मिळत नाही, ब्रिटनशी सलगी दाखवली की अमेरिकेचे कान टवकारतात. ब्रिटनला टेक्सास स्वतंत्र हवा होता. कापसाला दुसरा पुरवठादार मिळत होता आणि तिथली गुलामगिरी संपावी अशी त्यांची इच्छाही होती. परराष्ट्रमंत्री अ‍ॅबर्डीन यांनी ऑगस्ट १८४३ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात तसे बोल काढले आणि दक्षिणेत हलकल्लोळ झाला. गुलामांना पळून जायला शेजारीच मुक्त देश तयार होणार, ही भीती मळेवाल्यांना झोपू देईना. ह्यूस्टनने जॅक्सनला लिहिलेल्या पत्रात टेक्सासला नटलेल्या नवरीची उपमा दिली. ही तिसरी वेळ आहे, आता नाकारलीत तर पुन्हा आशा ठेवू नका, असा त्याचा सूर होता.

टायलर आणि पोटोमॅकवरची तोफ

इकडे अमेरिकेत जॉन टायलर योगायोगाने राष्ट्राध्यक्ष झाला होता. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन एप्रिल १८४१ मध्ये, शपथेनंतर महिन्याभरात वारला आणि उपाध्यक्ष टायलर त्याच्या जागी आला. टायलरने आपल्याच व्हिग पक्षाची (हा डेमोक्रॅटिक पक्षाचा विरोधी पक्ष) बँकेची विधेयकं फेटाळली म्हणून पक्षाने त्याला बाहेर काढलं. ना इकडचा ना तिकडचा अशा या माणसाला स्वतःचा झेंडा हवा होता आणि टेक्सासच्या रूपाने तो सापडला. परराष्ट्रमंत्री एबल अपशर याने १८४३ च्या शरदात टेक्सासशी गुप्त बोलणी सुरू केली. सिनेटमधल्या ५२ पैकी ४० मतं आपल्या बाजूला आहेत असा त्याचा हिशोब होता. मेक्सिकोने आधीच बजावलं होतं, टेक्सास घेतलात तर आम्ही ते युद्ध समजू.

२८ फेब्रुवारी १८४४ ला प्रिन्स्टन ही नवी युद्धनौका पाहुण्यांना घेऊन पोटोमॅक नदीत फिरायला निघाली. जहाजावर 'पीसमेकर' नावाची राक्षसी तोफ होती. ती उडवून दाखवण्याचा कार्यक्रम होता. दोन-तीन बार व्यवस्थित झाले. शेवटच्या बाराला तोफच मागच्या बाजूने फुटली. अपशर जागच्या जागी गेला. नौदलमंत्री गिल्मर गेला, तोही टेक्सासचा कट्टर समर्थक. एकूण सहा जण मेले, त्यांत टायलरचा गुलाम नोकर आर्मिस्टेडही होता. टायलर त्या क्षणी खालच्या मजल्यावर होता म्हणून वाचला.

अपशरच्या जागी जॉन कॅल्हून आला. दक्षिणेचा सर्वांत मोठा विचारवंत, आणि गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं उघड मांडणारा. सही करण्याआधी टेक्सासने एक आश्वासन मागितलं. बोलणी चालू असताना मेक्सिकोने हल्ला केला तर अमेरिकी सैन्य आणि आरमार मदतीला येईल का? काँग्रेसला न विचारता परक्या देशासाठी सैन्य उभं करायचं, हा नाजूक मामला होता, तरी कॅल्हूनने शब्द दिला. १२ एप्रिलला तहावर सह्या झाल्या. टेक्सासने सगळी सरकारी जमीन द्यायची आणि अमेरिकेने त्याचं एक कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज उचलायचं, असा व्यवहार ठरला.

आणि मग कॅल्हूनने हात दाखवून अवलक्षण केलं. १८ एप्रिलला त्याने ब्रिटिश वकील पॅकनहॅम याला पत्र लिहिलं. टेक्सासातली गुलामगिरी ब्रिटन संपवू पाहतं, म्हणून तिच्या रक्षणासाठी आम्ही टेक्सास घेत आहोत, असा त्याचा मथितार्थ. वर त्याने १८४० च्या जनगणनेचे आकडे दिले. स्वतंत्र झालेले कृष्णवर्णीय वेडे होतात आणि गुलामीत सुखी राहतात, हे सिद्ध करायला. ते आकडे मुळातच सडके होते. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने गावागणिक तपासून दाखवलं होतं की काही गावांत वेड्या कृष्णवर्णीयांची संख्या तिथल्या एकूण कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त नोंदली आहे.

हे पत्र तहाच्या कागदांसोबत गुप्तपणे सिनेटकडे गेलं. ओहायोच्या सिनेटर टॅपनने ते वर्तमानपत्राला पुरवलं. उत्तरेतल्या मध्यममार्गी सिनेटरांना आतापर्यंत म्हणता येत होतं की हा व्यापाराचा आणि सीमेचा प्रश्न आहे. पत्र छापून आल्यावर ती सोय उरली नाही. एप्रिलच्या २७ तारखेला हेन्री क्ले आणि व्हॅन ब्यूरेन, दोन्ही पक्षांचे संभाव्य उमेदवार, यांचीही पत्रं छापून आली. दोघेही टेक्सास आत्ता नको म्हणत होते.

८ जून १८४४ ला मतदान झालं. तहाच्या बाजूने १६, विरुद्ध ३५. दोन-तृतीयांश हवे होते, मिळाले एक-तृतीयांशाहूनही कमी. व्हिग पक्षातून एकट्या मिसिसिपीच्या सिनेटरने साथ दिली. दक्षिणेकडच्या मिसुरीचा टॉमस हार्ट बेंटनसुद्धा विरोधात गेला. टेक्सास ज्या सीमेवर दावा सांगतो त्यात मेक्सिकोची न वादातली गावंही येतात, ती घेणं म्हणजे चोरी, असं त्याचं म्हणणं होतं.

दार बदललं

तहाचा मार्ग बंद झाला, पण निवडणुकीने हवा पालटली. बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन मे अखेरीस भरलं, तेव्हा पहिल्या फेरीत व्हॅन ब्यूरेनला बहुमत होतं. पण दक्षिणेच्या आग्रहाने दोन-तृतीयांशचा नियम लागू झाला आणि तो अडकला. नवव्या फेरीत टेनेसीचा जेम्स पोल्क उमेदवार झाला, ज्याचं नाव आठवड्यापूर्वी कुणाच्या तोंडी नव्हतं. मोर्सची नवी तारयंत्राची लाइन नुकतीच सुरू झाली होती. उपाध्यक्षपदासाठी निवडलेल्या सायलस राइटने वॉशिंग्टनहून तारेने नकार कळवला, तर लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना आणि खात्री करायला माणसं पाठवावी लागली. राइट व्हॅन ब्यूरेनचा माणूस होता. मित्राला डावलून मिळालेलं पद त्याला नको होतं.

टेक्सास उत्तरेला विकण्याचं काम मिसिसिपीच्या सिनेटर रॉबर्ट वॉकरने केलं. त्याचा युक्तिवाद असा : टेक्सास घेतलात तर गुलाम हळूहळू दक्षिणेकडे सरकत जातील, व्हर्जिनिया-केंटकी रिकामे होतील आणि शेवटी ही सगळी माणसं मेक्सिकोत निघून जातील. उत्तरेतल्या मतदाराच्या मनातली वंशद्वेषाची भीती त्याने नेमकी पकडली. ही पुस्तिका लाखो प्रतींत फिरली. जाहीरनाम्यात शब्द होता टेक्सासचं 'पुनर्विलीनीकरण', जणू तो आधी आपलाच होता. शिवाय जोडीला वायव्येकडचा ऑरेगॉनचा मुलूख ठेवला, म्हणजे उत्तरेलाही काही हाती लागल्यासारखं वाटेल.

क्लेने दक्षिणेची मतं जातील या धास्तीने जुलैत सूर बदलला. त्यामुळे उत्तरेतले गुलामगिरीविरोधक त्याच्यावर नाराज झाले. न्यूयॉर्कमध्ये पोल्क पाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकला आणि तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाच्या बर्नीला पंधरा हजारांवर मतं पडली होती. न्यूयॉर्क क्लेला मिळालं असतं तर राष्ट्राध्यक्षपदही मिळालं असतं. टेक्सासला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांच्या मतांनी टेक्सासवाल्याला विजय मिळवून दिला, हे मला या कथेतलं सर्वांत जिव्हारी लागणारं वळण वाटतं.

पोल्क जेमतेम जिंकला होता. टायलरने मात्र जनतेने कौल दिला असं जाहीर केलं आणि नवा उपाय पुढे केला. तहाला दोन-तृतीयांश लागतात? मग तह नकोच. काँग्रेस नवी राज्यं आत घेऊ शकते असं घटनेचं एक कलम आहे, त्याचा आधार घेऊन दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव करू. त्याला साधं बहुमत पुरतं. विरोधक म्हणाले, ते कलम आपल्याच मुलखातून घडणाऱ्या राज्यांसाठी आहे, परक्या देशासाठी नव्हे. वाद खरा होता, पण मतं मोजली गेली.

२५ जानेवारी १८४५ ला प्रतिनिधिगृहात १२० विरुद्ध ९८. ठराव टेनेसीच्या मिल्टन ब्राउन या व्हिग सभासदाचा होता, आणि त्याने कर्जाचा काटाही काढला : टेक्सासने जमीन स्वतःकडे ठेवावी आणि कर्जही स्वतःच फेडावं. पुढे त्याच्यातून आणखी चार राज्यं काढता येतील. सिनेटमध्ये अजूनही अडत होतं. मग वॉकरने दोन पर्याय एकाच ठरावात घातले. राष्ट्राध्यक्षाला वाटलं तर हा ठराव टेक्सासकडे पाठवावा, नाहीतर बेंटनच्या सूचनेप्रमाणे नव्याने बोलणी करावीत. बेंटनच्या गटाचा समज असा की निवड नवा अध्यक्ष करील आणि तो बोलणीच निवडील. २७ फेब्रुवारीला ठराव २७ विरुद्ध २५ ने मंजूर झाला. दक्षिणेतले तीन व्हिग फुटले म्हणूनच.

टायलरकडे चार दिवस उरले होते. १ मार्चला त्याने सही केली आणि ३ मार्चला निरोप्याकडून प्रस्ताव टेक्सासकडे रवानाही केला. बेंटनच्या गटाला आपण फसवले गेलो असं वाटलं. मेक्सिकोच्या वकिलाने परवाना मागून वॉशिंग्टन सोडलं.

टेक्सासपुढचे दोन कागद

आता खरी कसोटी टेक्सासची होती. ब्रिटनचा वकील चार्ल्स इलियट धावपळ करत मेक्सिको सिटीला गेला. हा तोच इलियट, ज्याने १८३९ मध्ये कँटनला व्यापाऱ्यांकडची अफूची हजारो खोकी चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केली आणि ज्यातून पहिलं अफूयुद्ध पेटलं. त्या खोक्यांत मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफू बरीच होती. आता तो दुसऱ्या टोकाच्या जगात एक देश स्वतंत्र राखायला निघाला होता. त्याने आणि फ्रेंच वकिलाने मेक्सिकोला पटवलं, आणि नऊ वर्षांत जे कबूल केलं नव्हतं ते मेक्सिकोने कबूल केलं : टेक्सास कुणाला सामील होणार नसेल तर आम्ही त्याला मान्यता देतो.

अध्यक्ष अ‍ॅन्सन जोन्स याने दोन्ही कागद लोकांपुढे ठेवले. जूनमध्ये टेक्सासच्या काँग्रेसने मेक्सिकोचा प्रस्ताव फेटाळला आणि अमेरिकेचा स्वीकारला. ४ जुलैला ऑस्टिनमध्ये भरलेल्या परिषदेत ५५ विरुद्ध १ असं मत पडलं. त्या परिषदेत टेक्सासच्या मातीत जन्मलेला एकच सभासद होता, होसे अंतोनियो नवारो. पोल्कने २९ डिसेंबर १८४५ ला सही केली आणि टेक्सास अठ्ठाविसावं राज्य झालं.

मेक्सिकोचा इशारा पोकळ नव्हता. १८४६ च्या वसंतात न्यूएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधल्या वादग्रस्त पट्ट्यात चकमक झाली आणि मे महिन्यात युद्ध जाहीर झालं. दोन वर्षांनी मेक्सिकोने कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख गमावला आणि त्या नव्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी यावरून जे भांडण पेटलं ते पुढे विझलंच नाही. संयुक्त ठरावाची युक्तीही वाया गेली नाही. १८९७ मध्ये हवाईचा तह सिनेटमध्ये दोन-तृतीयांशाअभावी अडकला, तेव्हा टेक्सासचा दाखला देऊन १८९८ मध्ये तोच रस्ता धरला गेला.

गुलाम टेक्सासमार्गे निघून जातील, हे वॉकरचं म्हणणं मात्र तपासून बघता येतं. १८३६ मध्ये तिथे गुलाम अंदाजे पाच हजार होते. १८४७ च्या राज्याच्या गणनेत ३८,७५३ झाले. १८६० मध्ये १,८२,५६६. यादवी युद्धात दक्षिणेकडचे मालक उत्तरेच्या फौजांपासून लपवण्यासाठी आपले गुलाम टेक्सासकडेच हाकत घेऊन आले. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्सासात त्याची अंमलबजावणी करायला फौजच पोचली नव्हती. १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजर गॅल्व्हस्टन बंदरात उतरला आणि तिथे त्याचा हुकूम जाहीर झाला, की सगळे गुलाम मुक्त आहेत. ३,२७७ विरुद्ध ९१ च्या त्या मतदानात ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्यातल्या काही जणांच्या कानांवर तो हुकूम त्या दिवशी पडला असेल. मधे एकोणतीस वर्षं गेली होती.